परदेशातून कृष्णधवल फिल्म परवडेल अशा दरात कशी मागवावी?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकमध्ये राहते आणि गेली सहा वर्षे 35 मिमी कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रे काढते. कॅमेरा निकॉन एफएम टू आहे. रोल घरीच धुते आणि निगेटिव्ह स्कॅनही घरीच करते, त्यामुळे या छंदाचा जवळजवळ सगळा खर्च आता फिल्मवरच होतो. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदाघाटावर जी कामे चालली आहेत, त्यांच्यासोबत घाटावरचे रोजचे जगणेही टिपून ठेवावे, असे मी मनाशी ठरवले आहे. त्यात बुधवारचा बाजार आहे, पहाटे रामकुंडावर येणारी माणसे आहेत, कपडे वाळत घातलेल्या पायऱ्या आहेत आणि संध्याकाळची आरतीही आहे. हिशेब केला तेव्हा या कामाला किमान 60 रोल लागतील असे दिसले. आपल्याकडच्या विक्रेत्यांकडून ते एकेक करून घेतले तर माझ्या पगारात हे काम पूर्ण होणार नाही.

गेल्या वर्षी मी परदेशातल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावरून पाच रोल मागवून पाहिले. तिथली किंमत रुपयांत बदलून पाहिली तेव्हा ती इथल्यापेक्षा बरीच कमी वाटली आणि मला फार आनंद झाला. प्रत्यक्षात कुरिअरचा मुलगा दारात आला, तेव्हा त्याच्या हातात सीमाशुल्काची पावती होती आणि तिच्यावर शुल्काखेरीज कुरिअर कंपनीचा स्वतःचा एक आकारही लावलेला होता. सगळे मिळून त्या पाच रोलांची किंमत इथल्या दुकानातल्या किमतीच्याही वर गेली. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे, पण तिच्यावरची आकडेमोड मला आजवर नीट उलगडलेली नाही.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे. परदेशातून मागवण्यात खरोखर काही बचत होते का? होत असेल तर किती रोल, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या कंपनीचे मागवावेत? परदेशी विक्रेत्याला पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहायला सांगावे, असे एका परिचितांनी सुचवले आहे, पण ते मला योग्य वाटत नाही. आणखी एक भीती आहे. वाटेत विमानतळावर पार्सल क्ष-किरणांखालून जाते, त्याने फिल्म खराब होते का?

सातपूरकर

आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो. मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. परदेशातून सुटे भाग मागवताना आम्ही मालाच्या छापील किमतीकडे जवळजवळ पाहतच नाही. माल आपल्या दारात येऊन पडेपर्यंत एका नगाला एकूण किती रुपये लागले, एवढाच आकडा आमच्या वहीत असतो. फिल्मच्या बाबतीतही हाच एक आकडा काढायची सवय लावली, तर आपल्या पावतीचे कोडे सुटेल.

सीमाशुल्क केवळ फिल्मच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ते लागते. त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार असतो, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे कुरिअरला दिलेल्या प्रत्येक रुपयावरही आपण शुल्क भरत असतो, आणि पाच रोलांच्या लहान पार्सलात वाहतुकीचा वाटाच सर्वांत मोठा असल्यामुळे तिथेच हिशेब कोलमडतो.

एक उदाहरण घेऊ. यातले सगळे आकडे केवळ गणित समजावे म्हणून धरले आहेत. समजा, एका रोलची किंमत 400 रुपये आहे आणि सर्व शुल्के व कर मिळून 40 टक्के पडतात. पाच रोलांचे 2,000 आणि वाहतुकीचे 1,800, असे 3,800 रुपये झाले. त्यावर 40 टक्के म्हणजे 1,520, कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार 500, आणि परकीय चलनातल्या व्यवहारासाठी कार्डावर लागणारे साडेतीन टक्के व त्यावरचा कर धरून सुमारे 157 रुपये. एकूण 5,977, म्हणजे एक रोल जवळजवळ 1,200 रुपयांना पडला. आता हेच 20 रोल मागवले तर फिल्मचे 8,000 होतात, पण वाहतूक चौपट होत नाही, कारण 20 रोलांचे पार्सल पाऊण किलोच्या आत बसते. ती 2,400 धरू. एकूण 10,400, त्यावर 4,160, हाताळणीचे तेच 500, कार्डाचे सुमारे 430, अशी बेरीज 15,490 होते आणि रोल 775 रुपयांना पडतो. फिल्म तीच, दुकान तेच आणि शुल्काचा दरही तोच असताना एका रोलमागे सव्वाचारशे रुपयांचा फरक पडला. तो केवळ वाहतूक आणि हाताळणी किती रोलांवर वाटली गेली यामुळे पडला.

शुल्काचा दर मी मुद्दाम सांगत नाही, कारण तो अर्थसंकल्पात आणि अधूनमधून निघणाऱ्या अधिसूचनांत बदलत असतो, आणि जुन्या दरावर विसंबून मागणी नोंदवली तर फसगत होते. मागणी नोंदवण्याच्या दिवशी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर शुल्काच्या तक्त्यातली दोन शीर्षके पाहावीत. गुंडाळीतील छायाचित्रण फिल्मसाठी 3702 हे शीर्षक आहे, आणि वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंसाठी 9804. आपल्या जपून ठेवलेल्या पावतीवर यांपैकी कोणते छापले आहे ते पाहिलेत, तर शुल्क कशाच्या आधारे लावले गेले हे लगेच लक्षात येईल.

बचतीची एक जागा पुष्कळ लोकांच्या नजरेतून सुटते. युरोपातल्या दुकानांच्या संकेतस्थळांवर दिसणाऱ्या किमतीत तिथला मूल्यवर्धित कर धरलेला असतो. जर्मनीत तो 19 टक्के, झेक प्रजासत्ताकात 21 टक्के आणि ब्रिटनमध्ये 20 टक्के आहे. माल त्या देशांबाहेर जात असेल तर हा कर आकारायचे कारण नसते, आणि चांगली दुकाने भारतातला पत्ता भरताच तो वजा करून दाखवतात. काही दुकाने मात्र तसे करत नाहीत. म्हणून पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर किंमत उतरली की नाही हे पाहावे, आणि उतरली नसेल तर विक्रेत्याला पत्र लिहून विचारावे. न विचारता पैसे भरले, तर आपण दोन देशांचे कर भरतो.

टपाल आणि कुरिअर यांतही फरक आहे. परदेशी टपाल खात्यामार्फत पाठवलेले पार्सल आपल्याकडे मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयात येते, तिथे सीमाशुल्क अधिकारी त्याचे मूल्यांकन करतात, आणि मग ते नाशिकच्या टपाल कार्यालयात येऊन पोस्टमन दारात शुल्क घेऊन देतो. याला वेळ अधिक लागतो, पण खासगी कुरिअरचा भरमसाट हाताळणी आकार वाचतो. कुरिअर लवकर येते, मात्र त्यासाठी ओळखपत्राची कागदपत्रे आधी द्यावी लागतात, आणि ती देण्यात दिरंगाई झाली तर पार्सल गोदामात पडून राहते. घाई नसेल तर माझे मत टपालाच्या बाजूने आहे, पण मागोवा घेता येईल अशीच सेवा निवडावी.

‘भेटवस्तू’ लिहायला सांगण्याविषयी आपल्याला जे वाटले ते अगदी बरोबर आहे. डिसेंबर 2019 मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची शुल्कमुक्त आयात बंद केली आणि त्यातून फक्त जीवनरक्षक औषधे व राख्या वगळल्या. त्यामुळे तसे लिहून शुल्क वाचत नाही, उलट पार्सल अडकण्याची शक्यता वाढते. किंमत कमी दाखवायला सांगणेही तितकेच चुकीचे आहे. बेकायदा आहे ते आहेच, शिवाय पार्सल हरवले तर भरपाई त्या कमी दाखवलेल्या किमतीपुरतीच मिळते.

राहिला क्ष-किरणांचा प्रश्न. 100 ते 400 संवेदनशीलतेच्या कृष्णधवल फिल्मला पार्सलच्या वाटेवरची नेहमीची तपासणी सहसा बाधत नाही. 3200 सारखी अतिसंवेदनशील फिल्म मात्र परदेशातून मागवू नये. नात्यातले कोणी परदेशातून येणार असेल आणि त्यांच्या सामानातून फिल्म आणायची असेल, तर ती मोठ्या बॅगेत कधीही टाकू देऊ नका, कारण तिथली यंत्रे फिल्मवर उघड धुके आणण्याइतकी तीव्र असतात. फिल्म हातातल्या पिशवीत ठेवावी आणि हाताने तपासण्याची विनंती करावी, कारण आता काही विमानतळांवर प्रवासी सामानासाठीही सीटी पद्धतीची यंत्रे आली आहेत आणि ती फिल्मला घातक आहेत.

लालदिवा

सातपूरकरांनी हिशेबाची बाजू फार नेमकी मांडली आहे. मला त्यात एका गोष्टीची भर घालायची आहे, आणि 60 रोलांच्या कामासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे असे मला मनापासून वाटते. आपण रोल मागवूच नका, 100 फुटांचा डबा मागवा.

जवळजवळ सगळ्या कंपन्या 35 मिमी फिल्म 100 फूट, म्हणजे 30.5 मीटर लांबीच्या सलग गुंडाळीतही विकतात. एका चित्राला 38 मिलिमीटर जागा लागते. 36 चित्रांचे होतात 1.37 मीटर, आणि पुढच्या-मागच्या टोकांसाठी पाव मीटर सोडले की एका रोलला सुमारे 1.62 मीटर फिल्म लागते. या हिशेबाने एका डब्यातून 18 रोल भरतात आणि थोडे शिल्लक राहते. डब्याची किंमत 18 ने भागून सुट्या रोलच्या किमतीशी ताडून पाहावी. काही फिल्ममध्ये हा फरक मोठा असतो, काहींत इतका नगण्य की मेहनत वाया जाते. फोमापान या झेक फिल्मच्या बाबतीत मला तो नेहमीच फायद्याचा पडला आहे. शिवाय 18 रोलांची खोकी, प्लॅस्टिकच्या डब्या आणि कॅसेटी यांचे वजन पार्सलातून जाते, म्हणजे वाहतूक उतरते, आणि सातपूरकरांनी सांगितल्याप्रमाणे वाहतूक उतरली की तिच्यावरचे शुल्कही उतरते.

फिल्म कॅसेटमध्ये भरण्यासाठी लोडर नावाची एक साधी पेटी लागते. एकदा पूर्ण अंधारात, किंवा चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड आत न येणाऱ्या बाह्यांच्या काळ्या पिशवीत, हात घालून, डब्यातली गुंडाळी लोडरमध्ये बसवली की पुढचे काम दिवसाउजेडी करता येते. कॅसेट आत ठेवायची, फिल्मचे टोक तिच्या दांड्याला चिकटपट्टीने जोडायचे, झाकण लावायचे आणि दांडा फिरवायचा. आकडा 36 वर आला की थांबायचे, झाकण उघडून फिल्म कात्रीने कापायची आणि टोकाला जिभेसारखा आकार द्यायचा. एक रोल भरायला तीन मिनिटे पुरतात. शेवटची दोन-तीन चित्रे मात्र भरताना उजेड पाहिलेली असतात हे लक्षात ठेवावे. मी 36 चा रोल भरतो आणि 33 व्या चित्रानंतर महत्त्वाचे काही टिपत नाही.

कॅसेटींसाठी खर्च करायची गरज नाही. आपल्याकडच्या ज्या मोजक्या लॅब अजून रंगीत रोल धुतात, तिथे रिकाम्या कॅसेटी कचऱ्यात जातात. दुकानदाराला आधी विनंती करून ठेवली, तर तो कॅसेटच्या तोंडाशी फिल्मचे बोटभर टोक शिल्लक ठेवून कापतो. त्या टोकालाच आपली फिल्म चिकटपट्टीने जोडायची, कॅसेट उघडावीही लागत नाही. अशा कॅसेटवर आधीच्या रंगीत फिल्मची संवेदनशीलता कॅमेऱ्याला सांगणारा डीएक्स कोड तसाच राहतो. आपल्या एफएम टू मध्ये संवेदनशीलता हातानेच लावायची असल्यामुळे काही बिघडत नाही, पण जे कॅमेरे कोड वाचून ती स्वतः ठरवतात, त्यांत अशी कॅसेट घालण्यापूर्वी कोडावर चिकटपट्टी लावावी.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे आपल्या वाट्याला ती येणार नाही. एकच कॅसेट मी सात-आठ वेळा वापरली. तिच्या तोंडाशी जी काळी मखमल असते, तिच्यात वाळूचा एक कण अडकला असावा. त्या रोलवर मी पावसाळ्यातला एक अख्खा दिवस घाटावर काढला होता, गोदेला पूर होता आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले होते. निगेटिव्ह धुऊन उजेडासमोर धरली, तेव्हा पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत वरच्या कडेजवळून एक बारीक, सरळ रेघ गेलेली दिसली. तेव्हापासून मी प्रत्येक कॅसेट तीनदाच वापरतो. वापर झाला की तिच्यावर पेनाने एक खूण करतो आणि तिसरी खूण झाली की ती टाकून देतो.

कोणती फिल्म, याविषयी माझे मत असे आहे. झेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोव्हे या गावी फोमा कंपनी 1921 पासून आहे, आणि तिची फोमापान 100 व 400 या युरोपात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या फिल्मपैकी आहेत. अमेरिकेत अरिस्टा ईडीयू अल्ट्रा या नावाने जी फिल्म विकली जाते, तीही फोमाचीच. फोमापान 400 वर 400 छापलेले असले, तरी मी ती 250 धरून वापरतो, तेव्हाच सावल्यांत तपशील येतो. आणि संध्याकाळी तिपाई लावून काम करणार असाल तर या फिल्मचा एक स्वभाव आधीच जाणून घ्या. लांब एक्स्पोजरला ती फार मंदावते. कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे फोमापान 100 ला प्रकाशमापकाने एक सेकंद दाखवला तर दोन सेकंद द्यावे लागतात, आणि दहा सेकंद दाखवले तर ऐंशी.

दुसरा पर्याय केंटमिअरचा. इल्फर्ड फिल्म बनवणारी हारमन कंपनीच इंग्लंडमधल्या मॉबर्ली इथल्या कारखान्यात ती बनवते, आणि इल्फर्डच्याच एचपी फाइव्ह प्लस या फिल्मपेक्षा ती स्वस्त असते. दिवसाच्या कामात दोन्हींतला फरक मला क्वचितच जाणवतो. आरतीच्या ज्योतींभोवती मात्र केंटमिअरवर हलके वलय उमटते. काहींना ते आवडते, मला आवडत नाही. म्हणून रात्रीच्या कामासाठी मी एचपी फाइव्हचे चार-सहा सुटे रोल बाजूला ठेवतो, आणि ते भारतातल्या विक्रेत्याकडूनच घेतो.

पंचवटीकर

वरच्या दोघांनी इतके चांगले लिहिले आहे की मी थोडकेच लिहितो. माझ्या तरुणपणी फिल्मसाठी परदेशाकडे पाहावे लागत नसे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म मिळत असे, आणि मी छायाचित्रण तिच्यावरच शिकलो. तो कारखाना बंद पडला, आणि आता आपल्याकडे मिळणारा प्रत्येक रोल बाहेरूनच आलेला असतो, मग तो आपण मागवलेला असो की एखाद्या आयातदाराने. हे ध्यानात घेतले तर इथल्या विक्रेत्यावर रागावण्याचे कारण उरत नाही. त्यानेही शुल्क भरलेलेच असते, आणि तो मोठ्या प्रमाणात मागवत असल्यामुळे काही फिल्म त्याच्याकडेच स्वस्त पडतात. परदेशात मागणी नोंदवण्याआधी, दारापर्यंतची किंमत काढून ती इथल्या दोन-तीन विक्रेत्यांच्या किमतीशी जरूर ताडून पाहावी.

तसे पाहिले तर नाशिककरांना हे नवे नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि कोडॅकची कच्ची फिल्म व तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून परतले. कोरी फिल्म बोटीने मागवायची आणि छिद्रे आपल्या हातांनी पाडायची, हा उद्योग त्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केला. डब्यातून रोल भरण्याचे कष्ट मला त्यापुढे फार वाटत नाहीत.

दोन व्यावहारिक सूचना करतो. परदेशी दुकाने मुदत संपत आलेली फिल्म सवलतीत काढतात. मंद संवेदनशीलतेची कृष्णधवल फिल्म शीतकपाटात ठेवली तर मुदतीनंतरही काही वर्षे उत्तम काम देते, म्हणून 100 ची अशी फिल्म अवश्य घ्यावी, 400 ची विचारपूर्वक घ्यावी आणि त्यापुढची घेऊ नये. दुसरे, मागणी अशा बेताने नोंदवावी की पार्सल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नाशिकला पोहोचेल. एप्रिल-मे मध्ये बंद टेम्पोत दोन दिवस तापलेली फिल्म मी वापरून पाहिली आहे, तिच्या पायावरच राखाडी छटा चढलेली होती. आणि धुण्याची रसायने चुकूनही बाहेरून मागवू नका. विमानाने पाठवायला त्यांच्यावर निर्बंध असतात आणि वजनही भारी पडते. मेटॉल, हायड्रोक्विनोन, निर्जल सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात. एका लिटरला अनुक्रमे 2, 5, 100 आणि 2 ग्रॅम घेतले की डी-76 हा फिल्म धुण्याचा डेव्हलपर घरी तयार होतो.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पावती काढून पाहिली. तिच्यावर 9804 हेच शीर्षक आहे, आणि वाहतुकीची रक्कम फिल्मच्या किमतीहून थोडी अधिक आहे! शिवाय त्या दुकानाने तिथला कर वजा केलेलाच नव्हता, हेही आज प्रथमच माझ्या लक्षात आले.

लालदिवा यांच्या हिशेबाने तीन डबे म्हणजे 54 रोल, आणि रात्रीसाठी सहा सुटे, असे माझे 60 पूर्ण होतात. आता दोन शंका राहिल्या आहेत. तिन्ही डबे एकदम मागवावेत का? आणि माझ्या दोन मैत्रिणींनाही फिल्म हवी आहे, तर त्यांच्यासाठीही माझ्याच नावाने मागवले तर चालेल का? त्याने वाहतूक आणखी वाटली जाईल, असे वाटते.

सातपूरकर

मैत्रिणींच्या बाबतीत थोडा विचार करावा, असे सुचवतो. स्वतःच्या वापरासाठी आणि व्यापाराशी संबंध नसलेली वस्तू मागवायला आयात-निर्यात संकेतांक लागत नाही. पण एकाच नावावर फिल्मचे ढीग येऊ लागले, तर अधिकाऱ्यांना ती विक्रीसाठी आहे असे वाटू शकते, आणि तसे वाटण्यात त्यांची चूकही म्हणता येणार नाही. ज्यांना जेवढी हवी, त्यांनी तेवढी आपापल्या नावाने मागवावी. डबा मागवल्यावर वजन आधीच इतके उतरते की, तीन ठिकाणी वेगळी वाहतूक भरूनही सुट्या रोलांपेक्षा तो स्वस्त पडेल. नात्यातल्या कोणाच्या सामानातून येणार असेल, तर तिथेही हाच नियम पाळावा. प्रवाशाला स्वतःच्या सामानावर शुल्कमुक्त सवलत असते, 2016 च्या नियमांत ती 50,000 रुपयांची ठेवलेली होती, पण ती खऱ्याखुऱ्या वैयक्तिक सामानासाठीच आहे.

तीन डबे एकदम मागवू नका. पहिला एकच मागवा. दुकान कर वजा करते का, पार्सल किती दिवसांत येते आणि शुल्क प्रत्यक्षात किती बसते, या तिन्ही गोष्टी एका डब्यात कळतील. आमच्याकडे नव्या पुरवठादाराची पहिली मागणी नेहमी नमुन्यापुरतीच असते. पार्सल हातात आल्यावर पावतीवरचे आकडे इथे लिहिलेत, तर पुढच्यांनाही त्याचा उपयोग होईल.

लालदिवा

सातपूरकरांशी सहमत आहे. पहिल्या डब्यासाठी लोडर विकत घेऊ नका, माझ्याकडे दोन आहेत. त्यांतला एक तुम्ही महिनाभर वापरा आणि हे काम मानवते की नाही ते पाहून मग स्वतःचा घ्या. जुने लोडर कृष्णधवल काम सोडलेल्या स्टुडिओंकडे अजून पडून असतात. आपल्या मेन रोडवरच्या एका जुन्या स्टुडिओच्या माळ्यावरच मला माझा दुसरा मिळाला.

डबा आल्यावर तो शीतकपाटात ठेवणार असाल, तर झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. बाहेर काढला की लगेच उघडू नका, विशेषतः पावसाळ्यात. एक रोल दोन तासांत खोलीच्या तापमानाला येतो, पण 100 फुटांच्या घट्ट गुंडाळीला रात्रभर द्यावी लागते. नाही तर थंड फिल्मवर दव धरते, तिचे थर एकमेकांना चिकटतात आणि डाग पडतात.

पहिल्यांदा भरताना सरावासाठी एखादी वाया गेलेली फिल्म उजेडात लोडरमध्ये बसवून पाहा, म्हणजे गुंडाळी कोणत्या बाजूने फिरते आणि इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची, बाजू आत कशी राहते हे बोटांना कळेल. त्यानंतरच चेंजिंग बॅगेत हात घाला. येत्या बुधवारी सकाळी मी बाजाराच्या वेळी गणेशवाडीच्या बाजूला असतो. लोडर आणि दहा रिकाम्या कॅसेटी सोबत आणेन. कॅसेटींवर अजून एकही खूण केलेली नाही.